संगणकाच्या उंबरठ्यावर

लिनक्स ही कार्यप्रणाली ज्या संगणकांत नांदत असते, त्याची कळ दाबली म्हणजे प्रथम कांचेवर काळोख दिसतो, आणि मग त्या काळोखांतून चार-पांच ओळींची एक साधी यादी वर येते. पहिल्या ओळींत लिनक्सचें नांव असतें. दुसरींत जुन्या आवृत्त्यांकडे व दुरुस्तीकडे जाणारी वाट. आणि घरांत दुसरें बिऱ्हाड असलें तर अगदीं शेवटीं विंडोजचें नांव. खालच्या अंगाला एक आंकडा पांचावरून चारावर, चारावरून तिनावर उतरत असतो. तो शून्यावर येईपर्यंत कोणीं कळ दाबली नाहीं, तर पहिली ओळ मान्य आहे असें समजून यंत्र पुढें जातें. ह्या यादीस बूट मेनू म्हणतात. तींत कोणतें नांव आपोआप निवडलें जावें, आंकड्यानें किती सेकंद थांबावें, यादी मुळीं दिसावी कीं न दिसावी, हें सर्व संगणकाच्या धन्याला बदलतां येतें. एका फाइलींतील दोन-तीन ओळी बदलण्याचें हें काम दहा मिनिटांचें आहे. परंतु तें दहा मिनिटांचें होण्यास चार तपें लोटावीं लागलीं, आणि तो अधिकार धन्याच्याच हातीं राहावा कीं नाहीं ह्याबद्दलचा वाद अद्याप पुरता मिटलेला नाहीं.

ह्या इतिहासाच्या मुळाशीं एक कोडें आहे. संगणक जें कांहीं करतो, तें त्याच्या स्मृतींत असलेल्या प्रोग्रामच्या सांगण्यावरून करतो. कळ दाबली त्या क्षणीं स्मृति रिकामी असते. मग पहिला प्रोग्राम तेथें आणावयाचा कोणी? आणणें हें एक काम झालें. काम करावयास प्रोग्राम पाहिजे. आणि प्रोग्राम तर अजून यावयाचा आहे! नट कितीही तरबेज असला तरी त्याला आपल्याच खांद्यावर चढतां येत नाहीं, हा दृष्टान्त आपल्याकडील दर्शनकारांनीं वादविवादांत पुष्कळ वापरला आहे. इंग्रजी बोलणाऱ्या लोकांत ह्याच अशक्यतेसाठीं दुसरें चित्र रूढ होतें : आपल्याच बुटांच्या मागील पट्ट्या धरून स्वतःला वर उचलून घेणें. त्या पट्टीला ते बूटस्ट्रॅप म्हणतात. संगणकाच्या इंजिनियरांनीं १९५० नंतरच्या दशकांत तो शब्द थट्टेनें उचलला, आणि पुढें त्याचें शेपूट गळून नुसता ‘बूट’ राहिला. यंत्र सुरू करण्याला ‘बूट करणें’ म्हणतात, त्याचा पायांतील जोड्याशीं एवढाच संबंध आहे.

कोडें सुटलें तें तर्कानें नव्हे, तर माणसाच्या बोटांनीं. सन १९५२ मध्यें आयबीएम कंपनीनें ७०१ हें यंत्र बाहेर काढलें. त्यावर ‘लोड’ नांवाचें एक बटन होतें आणि त्याच्या जोडीला निवडीचा एक खटका होता. तो खटका छिद्रांच्या कार्डांकडे, चुंबकीय फितीकडे किंवा चुंबकीय पिंपाकडे लावून बटन दाबलें, म्हणजे त्या साधनावरील पहिला ३६ बिटांचा शब्द स्मृतींत येई. त्या शब्दाच्या अर्ध्या भागांत असलेली आज्ञा पुढचे शब्द बोलावून आणी, आणि ते आणखी पुढच्यांना. एका गड्यानें दुसऱ्यास हांक मारावी आणि दुसऱ्यानें साऱ्या आळीला, तसा हा प्रकार. कोठून आरंभ करावयाचा, हा प्रश्न येथें यंत्रानें विचारला आणि माणसानें खटका वळवून त्याचें उत्तर दिलें. बूट मेनूचा मूळपुरुष शोधावयाचा झाल्यास तो ह्या खटक्यांत सांपडेल.

पुढें लहान यंत्रें आलीं, तीं स्वस्त होतीं. आणि स्वस्ताईची किंमत बोटांनीं मोजावी लागली. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या १९६५ सालच्या पीडीपी-८ ह्या यंत्राच्या दर्शनी फळीवर शब्द भरण्यासाठीं १२ खटक्यांची ओळ होती. एकेक खटका वर किंवा खालीं करून सुमारें १६ शब्दांचा एक चिमुकला प्रोग्राम हातानें भरावयाचा. मग तो कागदी फितीवरून जरा मोठा प्रोग्राम वाची, आणि तो मोठा प्रोग्राम खरें काम ज्याचें होतें त्याला आणी. त्या काळची स्मृति लोहचुंबकाच्या बारीक कड्यांची असे व वीज गेल्यावरही ती आपला मजकूर विसरत नसे, हें त्या कारागिरांचें नशीबच! सन १९७५ मध्यें आल्टेअर ८८०० हें घरगुती यंत्र अमेरिकेंत निघालें, त्याच्याही कपाळीं खटकेच होते. त्या यंत्रासाठीं पॉल ॲलन व बिल गेट्स ह्यांनीं बेसिक भाषा तयार केली. ती दाखविण्याकरितां ॲलन विमानानें अल्बुकर्कीस चालले असतां त्यांच्या एकाएकीं लक्षांत आलें कीं, फितीवरील भाषा यंत्रांत उतरवून घेणारा आरंभींचा प्रोग्राम लिहावयाचा राहूनच गेला आहे. तो त्यांनीं विमानांत बसल्या बसल्या कागदावर लिहून काढला, आणि मुक्कामीं गेल्यावर खटक्यांनीं यंत्रांत भरला. अख्खी बेसिक भाषा हातांत होती. परंतु ते थोडके अंक नसते तर ती फीत निव्वळ कागद होती.

सन १९८१ च्या ऑगस्टमध्यें आयबीएमचा ‘पर्सनल कॉम्प्युटर’ आला आणि बोटांचें काम संपलें. आरंभींचा प्रोग्राम कारखान्यांतच एका चकतीवर कायमचा कोरून बसविलेला होता. त्यास बायोस म्हणतात. बायोस स्वतः फारसें कांहीं करीत नसे. तो तबकडीवरील पहिला तुकडा उचली, स्मृतींत ठेवी, आणि सूत्रें त्याच्या हवालीं करून बाजूस होई. हा तुकडा म्हणजे ५१२ बाइट. त्यांतील शेवटच्या दोन बाइटांत ‘मी खरा आहे’ अशी खूण असे. सन १९८३ मध्यें पीसी एक्सटी ह्या यंत्राबरोबर हार्ड डिस्क आली, तेव्हां डिस्कचे चार वाटे पाडण्याची सोय झाली आणि त्या वाटणीपत्रालाही ह्याच तुकड्यांत जागा द्यावी लागली. एका वाट्याच्या नोंदीस १६ बाइट, म्हणून चारांस ६४. म्हणजे प्रत्यक्ष प्रोग्रामसाठीं उरले ४४६ बाइट. ह्या मजकुराचें एखादें लांबसें वाक्यही तेवढ्या जागेंत मावणार नाहीं! पुढील तीस वर्षें संगणक सुरू करण्याची विद्या ह्या ४४६ बाइटांच्या ओसरीवर उभी होती.

त्या वाटणीपत्रांत एक लहानशी खूण असे : चार वाट्यांपैकीं ‘चालू’ कोणता. डॉसबरोबर येणाऱ्या ‘एफडिस्क’ ह्या प्रोग्रामनें ती खूण एका वाट्यावरून दुसऱ्यावर हलवितां येई. ज्याच्याजवळ दोन कार्यप्रणाली होत्या, त्यानें आधीं एकींत शिरून खूण हलवावयाची, यंत्र बंद करावयाचें, आणि मग पुन्हां सुरू करावयाचें. दुसऱ्या खोलींत जाण्यासाठीं प्रत्येक वेळीं पहिल्या खोलींतून निरोप पाठवावा, तसें हें झालें. आणि पहिली खोलीच उघडेनाशी झाली तर निरोप पाठविणार कोण?

अशा काळांत सन १९९१ मध्यें हेलसिंकी येथील विद्यापीठांतील लायनस टोरवाल्ड्स ह्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपल्या नव्या कार्यप्रणालीची वार्ता जगास दिली. त्या आरंभींच्या लिनक्सला मेनू नव्हता. कर्नेलच्या, म्हणजे गाभ्याच्या, प्रतीचे पहिले ५१२ बाइट हेच तिचे उंबरठ्यावरचे बाइट होते. ती प्रत जशीच्या तशी फ्लॉपीवर उतरवावी आणि फ्लॉपी यंत्रांत घालावी, कीं लिनक्स सुरू. बाकीच्या फाइली डिस्कच्या कोणत्या वाट्यावर आहेत हें कर्नेलला कळावें म्हणून त्याच तुकड्यांत दोन बाइटांची जागा राखलेली होती. ती बदलावयाची तर ‘आरडेव्ह’ नांवाच्या प्रोग्रामनें खुद्द कर्नेलच्या पोटांतील ते दोन बाइट बदलावे लागत. आजच्या सेटिंगची ही आदिम अवस्था होय. गाभा आणि त्याची सेटिंग अद्याप वेगळीं झालेलीं नव्हतीं.

तीं वेगळीं केलीं वेर्नर आल्मेस्बर्गर ह्यांनीं. सन १९९२ मध्यें त्यांनीं लिलो हा प्रोग्राम लिहिला; लिनक्स लोडर ह्या दोन शब्दांच्या आद्याक्षरांचें तें नांव. लिलोची सर्व सेटिंग ‘लिलो-कॉन्फ’ ह्या एका साध्या मजकुराच्या फाइलींत असे : कोणतीं कर्नेलें आहेत, प्रत्येकाला काय नांवानें हांक मारावयाची, कोणीं कांहीं न बोलल्यास कोणतें घ्यावें, आणि किती वेळ वाट पाहावी. वाट पाहण्याचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजीत. पांच सेकंद हवे असतील तर ५० लिहावयाचे. पाच लिहून बसणाऱ्याला अर्धाच सेकंद मिळे आणि यादी डोळा लवेतोंवर नाहींशी होई. यंत्र सुरू झालें कीं पडद्यावर लिलोचा प्रश्न उमटे आणि माणूस नांव टंकून उत्तर देई. ज्यानें एकाच यंत्रावर डॉस व लिनक्स दोन्ही ठेविलीं होतीं त्याला प्रथमच असें वाटलें कीं, दार आपण उघडतों आहों. लिनक्सच्या प्रसारांत ह्या सोयीचा वाटा मोठा आहे. कारण जुनें घर पाडल्याशिवाय नवें बांधतां येत नसतें, तर शिकाऊ माणसांनीं तें बांधावयास घेतलेंच नसतें.

लिलोची एक गम्मत जुन्या लोकांच्या चांगली स्मरणांत आहे. सुरू होतांना तो आपलें नांव एकेक अक्षरानें पडद्यावर लिही, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक पायरी चढल्याची साक्ष असे. ‘एल’ एवढेंच उमटून यंत्र थिजलें, तर पहिला टप्पा आला पण दुसरा उचलतां आला नाहीं. ‘एल-आय’ वर थांबलें, तर दुसरा टप्पा स्मृतींत आला खरा, पण चालेना. ‘एल-आय-एल’ वर थांबलें, तर दुसरा टप्पा चालला, परंतु त्याला नकाशाची फाइल वाचतां आली नाहीं. चारही अक्षरें उमटलीं म्हणजे सर्व ठीक. ४४६ बाइटांत चुकीचा सविस्तर खुलासा करावयास जागा नव्हती. म्हणून त्या कारागिरानें आपलें नांवच खुलाशाच्या कामीं लावलें. इतक्या तोकड्या जागेंत एवढी माणुसकी दाखविणारे प्रोग्राम फार नाहींत.

परंतु लिलोचा स्वभाव कडक होता. फाइल, तिचें नांव, ती ज्या कप्प्यांत आहे तो कप्पा, ह्यांपैकीं त्याला सुरू होतेवेळीं कांहींच समजत नसे. कर्नेल डिस्कच्या कोणत्या कोणत्या तुकड्यांवर पसरलें आहे, त्या तुकड्यांचे नुसते क्रमांक त्यानें आधींच नकाशांत उतरवून ठेवलेले असत. म्हणून सेटिंगच्या फाइलींत एक अक्षर बदललें, किंवा कर्नेल नवें बसविलें, तर ‘लिलो’ ही आज्ञा पुन्हां चालवून नकाशा नव्यानें काढावा लागे. ती चालवावयास जो विसरला त्याचें यंत्र दुसऱ्या दिवशीं जुन्या पत्त्यावर जाई आणि तेथें भलत्याचेंच बिऱ्हाड आढळे. सेटिंग बदलल्यावर लिलो चालवावयाचा, हा धडा त्या पिढीनें पाठांतरानें नव्हे, बंद पडलेल्या यंत्रांनीं शिकला. त्यांतच बायोसचें एक बंधन होतें : जुन्या पद्धतीनें त्याला १०२४ सिलिंडरांपलीकडील डिस्क दिसत नसे. डिस्का मोठ्या होत गेल्या, आणि कर्नेल त्या रेषेपलीकडे पडलें कीं तें असून नसल्यासारखें. लोक डिस्कच्या तोंडाशींच ‘बूट’ नांवाचा एक लहान वाटा काढून कर्नेल तेथें ठेवूं लागले. ही अडचण सन २००० च्या सुमारास नव्या आवृत्तीनें दूर केली. तो लहान वाटा मात्र कित्येक ठिकाणीं सवयीनें तसाच राहिला.

लिलो लिनक्सपुरता होता. त्या काळीं प्रत्येक मुक्त कार्यप्रणालीचा आरंभक निराळा असे आणि एकाचें दुसऱ्याशीं जमत नसे. सन १९९५ मध्यें एरिक बोलेन हे गृहस्थ ग्नू प्रकल्पाची हर्ड ही कार्यप्रणाली यूटा विद्यापीठाच्या माख ह्या गाभ्यावर सुरू करण्याच्या खटपटींत होते. त्यांनीं व ब्रायन फोर्ड ह्यांनीं आरंभक आणि गाभा ह्यांच्यामधील व्यवहाराचा एक सामान्य करार लिहून काढला. त्याचें नांव मल्टिबूट. बोलेन ह्यांनीं प्रथम फ्रीबीएसडीच्या आरंभकास हा करार शिकवून पाहिला. पण जुन्याला वळण लावण्यापेक्षां नवा लिहिणें सोपें, असें त्यांस दिसून आलें. हा नवा प्रोग्राम म्हणजे ग्रब. भौतिकशास्त्रांत निसर्गांतील बळांस एका सूत्रांत ओवणाऱ्या सिद्धान्ताला ‘ग्रँड युनिफाइड’ म्हणतात, त्या शब्दांशीं खेळून हें नांव बनविलेलें आहे. सन १९९९ मध्यें गॉर्डन मॅट्झिगकाइट व योशिनोरी ओकुजी ह्यांनीं तें काम हातीं घेतलें आणि ग्रब ग्नूच्या अधिकृत प्रोग्रामांत आला.

ग्रबचें वैशिष्ट्य हें कीं, त्याला वाचतां येत असे. ४४६ बाइटांत त्याचा पहिला टप्पा. त्याच्या मागील मोकळ्या जागेंत, पहिला वाटा सुरू होण्यापूर्वीं, दीडावा म्हणतात तो टप्पा. आणि ह्या दीडाव्याला डिस्कवरील फाइलींची रचना समजे. त्यामुळें सेटिंगची फाइल बदलली कीं काम झालें! सुरू होतांना ग्रब ती फाइल स्वतः उघडून ताजी वाचीत असे. नकाशा काढण्याची आज्ञा नको, विसरण्याची भीति नको. फाइल हरवली तरी ग्रब हतबुद्ध होत नसे. तो आपल्या ओळीवर उभा राहून माणसाकडून आज्ञा घेई, आणि माणूस डिस्क धुंडाळून कर्नेल शोधून देई. यादींतील ओळीवर ‘ई’ हें अक्षर दाबलें तर ती ओळ तेथल्या तेथें दुरुस्त करून तेवढ्या एका खेपेपुरती चालवितां येई, आजही येते. सेटिंग चुकली म्हणून यंत्र मुकें होऊं नये, हा विचार येथें प्रथम पूर्णपणें साधला.

ग्रबनें एक खोडी मात्र मागें ठेविली. तो मोजणी शून्यापासून करी : पहिली डिस्क शून्य, पहिला वाटा शून्य, यादींतील पहिली ओळ शून्य. पुढें त्याचा दुसरा अवतार आला, त्यांत डिस्क शून्यापासूनच राहिली, पण वाटे एकापासून मोजूं लागले. ज्यांनीं जुनी मोजणी मोठ्या कष्टानें अंगवळणीं पाडली होती, त्यांच्या वाट्याला आलेला मनस्ताप वर्णन करण्यांत अर्थ नाहीं.

हा दुसरा अवतार ओकुजी ह्यांनीं २००२ मध्यें ‘पुपा’ ह्या नांवानें आरंभिला. उबंटूनें तो २००९ च्या ऑक्टोबरांतील आवृत्तींत स्वीकारला, आणि २.०० हा क्रमांक त्याला २०१२ मध्यें मिळाला. आज बहुतेक लिनक्स यंत्रांच्या उंबरठ्यावर हाच उभा असतो. त्याची खरी सेटिंग ‘ग्रब-सीएफजी’ ह्या फाइलींत असते. परंतु ती फाइल उघडली कीं माथ्यावरच इशारा दिसतो : ही बदलूं नका. कारण ती फाइल माणूस लिहीत नाहीं. दुसरे लहान प्रोग्राम डिस्क तपासून ती रचतात, आणि नवें कर्नेल आलें कीं पुन्हां रचतात. हातानें केलेला बदल त्या पुरांत वाहून जातो. माणसानें लिहावयाची फाइल वेगळी. ती ‘एट्सी’ कप्प्यांतील ‘डिफॉल्ट’ ह्या पोटकप्प्यांत ‘ग्रब’ ह्या नांवानें ठेवलेली असते. तींत ‘ग्रब-टाइमआउट’ पुढें सेकंद लिहावे : शून्य म्हणजे न थांबणें, उणें एक म्हणजे माणूस बोलेपर्यंत थांबणें. ‘ग्रब-डिफॉल्ट’ पुढें आपोआप निवडावयाची ओळ लिहावी. येथें आंकडा लिहिणें सोपें, पण धोक्याचें; शून्यापासून मोजावयाचें असल्यामुळें तिसऱ्या ओळीसाठीं दोन लिहावे लागतात, आणि उद्यां यादींत एक ओळ वाढली तर तोच दोन भलत्याकडे बोट दाखवितो. म्हणून ओळीचें पूर्ण नांव लिहिणें, किंवा ‘सेव्ह्ड’ लिहून मागील निवड लक्षांत ठेवावयास सांगणें शहाणपणाचें. कर्नेलला द्यावयाच्या सूचनांत ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ असे दोन शब्द बहुधा आढळतात. ते काढून टाकले कीं सुरू होतेवेळचे सर्व निरोप पडद्यावर धांवूं लागतात व यंत्र कोठें अडतें तें दिसतें. शेवटीं डेबियन व उबंटूंत ‘अपडेट-ग्रब’, आणि फेडोरांत ‘ग्रब२-एमकेकॉन्फिग’, ही आज्ञा चालवावयाची, म्हणजे नवी फाइल रचली जाते.

लक्षांत येईल कीं हा फेरा पुन्हां लिलोच्याच दाराशीं आला : सेटिंग बदला, आणि मग एक आज्ञा चालवा. भेद आहे तो विसराळूपणाच्या शिक्षेंत. लिलोच्या राज्यांत विसरणाऱ्याचें यंत्रच उघडत नसे. ग्रबच्या राज्यांत विसरणाऱ्याचा बदल तेवढा अंमलांत येत नाहीं, आणि यंत्र कालच्यासारखें निमूटपणें सुरू होतें. लिलोवरील काम २०१५ च्या डिसेंबरांत थांबलें. तोंवर ह्या भेदानेंच निकाल दिलेला होता.

ह्याच सुमारास यादी दिसेनाशी होऊं लागली. यंत्रावर एकटें लिनक्स असेल तर उबंटू यादी दडवून ठेवतें. २०१८ च्या अखेरीस निघालेल्या २९ व्या आवृत्तीपासून फेडोराही तसेंच करूं लागलें. जुन्या यंत्रावर शिफ्ट किंवा नव्यावर एस्केप ही कळ वेळेवर दाबली तर ती प्रगट होते. मागील खेपेस यंत्र नीट सुरू झालें नसेल तर उबंटू ती आपण होऊन ३० सेकंद दाखवितें. संकटाच्या वेळीं दरवाजा आपणच उघडावा, ही रीत चांगली. तरी पण ज्याला यादी ठाऊकच नाहीं तो ती शोधणार कशी, हा प्रश्न राहतोच.

त्याहून मोठा प्रश्न बाहेरून आला. बायोसची जागा यूईएफआय ह्या नव्या रचनेनें घेतली, ४४६ बाइटांची ओसरी इतिहासजमा झाली, आणि २०११ मध्यें ‘सिक्युअर बूट’ नांवाचा पहारा बसविण्याचें ठरलें. पहाऱ्याचा नियम असा कीं, ज्या आरंभकावर ओळखीची सही नाहीं त्याला यंत्रानें आंत घेऊं नये. उंबरठ्यावरच दबा धरून बसणारे रोगट प्रोग्राम तेव्हां खरोखरच निपजलेले होते, म्हणून पहारा निष्कारण नव्हता. पण किल्ल्या कोणाच्या? विंडोज ८ च्या प्रमाणपत्रासाठीं हा पहारा चालू ठेवणें मायक्रोसॉफ्टनें आवश्यक केलें, आणि बाजारांतील यंत्रांत मायक्रोसॉफ्टची किल्ली असणार हें उघड होतें. रेड हॅट कंपनींतील मॅथ्यू गॅरेट ह्यांनीं २०११ च्या सप्टेंबरांत ह्याविषयीं जाहीर इशारा दिला, आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननें सह्यांची मोहीम काढली. अखेर साध्या पीसींवर हा पहारा बंद करण्याची व धन्याला स्वतःची किल्ली बसविण्याची मुभा राहिली. विंडोजच्या एआरएम जातीच्या यंत्रांवर ती नव्हती. गॅरेट ह्यांनीं ‘शिम’ हा एक लहानसा आरंभक लिहिला. शिम म्हणजे फट भरणारी चिपटी. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घ्यावयाची, आणि मग शिमनें ग्रबची ओळख पटवून त्याला आंत घ्यावयाचें. सही मिळविण्याच्या व्यवस्थेंत शिरण्याची फी ९९ डॉलर होती. रक्कम क्षुल्लक, पण ज्या दाराची किल्ली टोरवाल्ड्सच्या काळीं कोणाकडे मागावी लागत नव्हती, तें दार आतां परक्याच्या सहीनें उघडूं लागलें, हें अनेकांच्या मनाला लागलें. दुसऱ्या बाजूनें पाहतां, ह्या तडजोडीमुळेंच दुकानांतून आणलेल्या नव्या यंत्रावर सामान्य माणसाला कांहीं न बदलतां लिनक्स बसवितां आलें. दोन्ही म्हणणीं खरीं आहेत, आणि त्यांचा मेळ अजून कोणीं घातलेला नाहीं.

पहारेकऱ्यांतही उणिवा निघाल्या. व्हॅलेन्सिया येथील एक्तोर मार्को व इस्माएल रिपोल ह्या संशोधकांनीं २०१५ च्या डिसेंबरांत दाखविलें कीं, ग्रबला परवलीच्या शब्दानें कुलूप घातलें असतां, नांव विचारल्यावर मागें खोडण्याची कळ २८ वेळां दाबली तर कुलूप निसटतें. सन २०२० च्या जुलैंत एक्लिप्सियम ह्या संस्थेनें ‘बूटहोल’ नांवाचें भगदाड उघडकीस आणलें, तें तर थेट सेटिंगच्या फाइलींतूनच जात होतें. आरंभकावर सही, कर्नेलवर सही. परंतु ‘ग्रब-सीएफजी’ हा साधा मजकूर, धन्यानें केव्हांही बदलावा असा, आणि म्हणून बिनसहीचा. त्यांत वाजवीपेक्षां लांब मजकूर भरला तर ग्रब गोंधळून भलत्याच आज्ञा पाळूं लागे. ती भरण्यास आधीं यंत्राचे सर्वाधिकार हवेत हें खरें; पण पहाऱ्याचा हेतूच निष्फळ होत होता. दुरुस्त्या घाईनें निघाल्या, आणि रेड हॅटची पहिली दुरुस्ती बसविल्यावर कित्येक यंत्रें मुळीं सुरूच होईनात. पुढें २०२१ च्या जूनमध्यें ग्रबची २.०६ ही आवृत्ति निघाली, तींत डिस्कवरील इतर कार्यप्रणाली शोधणारा मदतनीस सुरक्षिततेसाठीं मुळांतच बंद ठेवण्यांत आला. अनेकांच्या यादींतून विंडोज एका सकाळीं नाहींसें झालें. डिस्कवर तें सुखरूप होतें. यादी तेवढी त्याला विसरली होती. ‘ग्रब-डिसेबल-ओएस-प्रोबर’ ह्या ओळीपुढें ‘फॉल्स’ लिहून फाइल पुन्हां रचली कीं तें परत येई.

सन २०२४ च्या ऑगस्टमध्यें ह्याच्या उलट घडलें. जुन्या सदोष आरंभकांस मज्जाव करणारी एक यादी विंडोजच्या मासिक दुरुस्तीबरोबर यंत्रांत उतरली. जेथें दोन्ही कार्यप्रणाली आहेत तेथें ती उतरूं नये असा बेत होता. पण कित्येक दुहेरी यंत्रांवर ती उतरली, आणि लिनक्स उघडावयास गेलेल्या माणसाला मेनूऐवजीं सुरक्षा-नियमाचा भंग झाल्याची एक ओळ दिसूं लागली. त्यानें सेटिंग बदललेली नव्हती. त्याच्या घरांतील दुसऱ्या बिऱ्हाडकरूनें परस्पर कुलूप बदललें होतें. उपाय लोकांनीं एकमेकांस सांगितला : यूईएफआयच्या पानावर जाऊन पहारा उठवावा, लिनक्समध्यें शिरून ‘मोक्युटिल’ ह्या आज्ञेनें तो नवा नियम पुसावा, यंत्र पुन्हां सुरू करावें, आणि मग पहारा परत बसवावा. त्यानंतर कळ दाबली म्हणजे काळोखांतून तीच यादी वर येई : वर लिनक्स, अगदीं शेवटीं विंडोज, आणि खालच्या अंगाला पांचावरून उतरणारा आंकडा.